एकविसावा रकाना

१९ जुलै २०२४, शुक्रवार. सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सायबर सुरक्षा कंपनीने ग्राहकांच्या विंडोज संगणकांवर एक छोटी फाइल पाठवली. ७८ मिनिटांनी ती मागे घेतली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तिचा फटका सुमारे ८५ लाख संगणकांना बसला. हजारो विमाने उडाली नाहीत, शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, टीव्ही वाहिन्या बंद पडल्या. हल्ला कोणी केला नव्हता. फाइल तपासूनच पाठवली होती आणि त्या तपासणीत ती पास झाली होती. ती पास कशी झाली हे क्रमाने पाहायला हवे, कारण स्वयंचलित चाचण्या लिहिणाऱ्या कोणाच्याही कामात अशी चूक राहू शकते. वेगळे सांगितले नसेल तिथे सर्व वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार आहेत.

चौदा वर्षे आधी : २१ एप्रिल २०१०

मॅकॅफी या अँटिव्हायरस कंपनीने विषाणूंच्या ओळखखुणांची नेहमीची फाइल पाठवली, क्रमांक ५९५८. त्या फाइलमुळे अँटिव्हायरसने विंडोजचाच एक अत्यावश्यक भाग विषाणू समजून काढून टाकला. विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक ३ वर चालणारे संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागले आणि त्यांचे नेटवर्क तुटले. दवाखाने, विद्यापीठे, कचेऱ्या अडकल्या. तेव्हा कार्यालयांमध्ये सर्रास वापरली जाणारी ही जोडणीच चाचण्यांतून सुटली होती.

त्या दिवशी प्रोग्रॅम बदललेला नव्हता. बदलला होता तो फक्त डेटा. मॅकॅफीचे तेव्हाचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी जॉर्ज कुर्त्झ यांनी पुढच्याच वर्षी सहकाऱ्यांसोबत नवी कंपनी काढली. तिचे नाव क्राउडस्ट्राइक.

उरले १४२ दिवस : २८ फेब्रुवारी २०२४

क्राउडस्ट्राइकच्या फाल्कन सेन्सरची ७.११ ही आवृत्ती सर्व ग्राहकांसाठी खुली झाली. हा सेन्सर विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात बसतो. साधा प्रोग्रॅम कोसळला तर त्याची खिडकी बंद होते, बाकी काम चालू राहते. कर्नलमधला ड्रायव्हर कोसळला तर अख्खा संगणक कोसळतो.

हल्लेखोर रोज नवी युक्ती काढतात आणि दर वेळी सेन्सरची नवी आवृत्ती काढणे शक्य नसते. म्हणून कंपनीने काम दोन भागांत वाटले होते. सेन्सरमध्ये कायमचे साचे, आणि त्या साच्यांवर भरलेले नियम वेगळ्या फाइलींत. या नियमांच्या फाइली दिवसातून अनेकदा जात. नेम्ड पाइप ही विंडोजवरच्या दोन प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलण्याची एक वाट. तिचा गैरवापर पकडण्यासाठी ७.११ मध्ये नवा साचा आला. त्याचे नियम ज्या फाइलीतून जाणार होते तिचा क्रमांक २९१.

साच्याच्या व्याख्येत २१ रकाने होते. पण प्रत्यक्ष सेन्सरमधला कोड नियम वाचणाऱ्या भागाला २० च किमती पुरवत होता. व्याख्या आणि कोड यांतली ही तफावत कंपायलरने पकडली नाही, कारण दोन्हीकडचे आकडे ताडून पाहा असे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

उरले १३६ दिवस : ५ मार्च

नव्या साच्याची ताण-चाचणी झाली. साचा पास झाला आणि त्याच दिवशी पहिला नियम ग्राहकांकडे रवाना झाला.

चाचण्यांत आणि सुरुवातीच्या सगळ्या नियमांत एकविसाव्या रकान्यात वाइल्डकार्ड होते, म्हणजे ‘इथे काहीही चालेल’. काहीही चालणार असेल तर ती किंमत पाहण्याची गरजच पडत नाही. त्यामुळे नियम वाचणारा भाग एकविसाव्या रकान्याकडे कधी वळलाच नाही. तिथे पुरवलेली किंमतच नाही, हे कळण्याचा प्रसंग एकाही टेस्टमध्ये आला नाही.

चाचण्या लिहिणाऱ्यांना याचे छोटे रूप रोज भेटते. टेस्टचा डेटा एका फोल्डरमध्ये असतो आणि लोडर त्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली उचलतो. मग एडिटरने मागे ठेवलेली बॅकअप प्रत, मॅकने स्वतःहून तयार केलेली लपलेली फाइल किंवा कोणाची तरी अर्धवट सेव्ह केलेली एक्सेल शीट तिथे येऊन बसते. हिरव्या टेस्ट लाल होतात. संध्याकाळी रिलीज असते, डोक्याला ताप नको असतो, म्हणून लोडरला सांगितले जाते की वाचता न आलेली फाइल सोडून दे. टेस्ट पुन्हा हिरव्या होतात. काही महिन्यांनी एक खरी, गरजेची फाइल बिघडते. लोडर तीही गुपचूप सोडून देतो आणि टेस्ट हिरव्याच राहतात.

भटकी फाइल वगळणे योग्यच आहे. पण काय वगळायचे हे ठरवण्याची रीत असते. हव्या त्या फाइलींची नावे आणि संख्या नेमकी लिहायची, तेवढ्याच उघडायच्या आणि त्यातली एक जरी कमी पडली तर टेस्ट लाल करायची. उरलेल्या फाइली आपोआप बाहेर राहतात. चाचणीने नको त्याकडे दुर्लक्ष करावे, पण हव्या त्याकडे दुर्लक्ष करण्याची तिला मुभा असू नये. २९१ क्रमांकाच्या फाइलीत वाइल्डकार्डने नेमकी तीच मुभा दिली.

उरले ८६ दिवस : २४ एप्रिल

८ ते २४ एप्रिलच्या दरम्यान याच साच्यावरचे आणखी तीन नियम गेले. तिन्ही सुरळीत चालले. त्यांतही एकविसाव्या रकान्यात वाइल्डकार्डच होते.

मार्चची चाचणी यशस्वी, चारही नियम जगभर व्यवस्थित चाललेले, पाठवण्याआधी नियम पाहणाऱ्या तपासनीस प्रोग्रॅमचा निकाल दरवेळी ‘ठीक’. पुढे कंपनीने सांगितले की जुलैचे नियम पाठवताना याच पूर्वानुभवावर विश्वास ठेवला गेला. आधी चालले म्हणून आताही चालेल हा तर्क, पुढचा डेटाही आधीसारखाच असेल तोवरच खरा ठरतो.

उरले सहा तास : १९ जुलै, पहाटे साडेतीनच्या सुमारास

मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर या क्लाउड सेवेत, अमेरिकेच्या मध्य विभागात, वेगळाच बिघाड सुरू झाला. फ्रंटियरसारख्या काही अमेरिकी विमान कंपन्या त्यात अडकल्या. या बिघाडाचा क्राउडस्ट्राइकशी संबंध नव्हता. पण पुढचे काही तास लोक दोन्ही घटना एकच समजत राहिले आणि खरे कारण शोधायला निघालेले अनेक तंत्रज्ञ आधी चुकीच्या दिशेला गेले.

सकाळी ९:३९

टेक्सासमधल्या ऑस्टिनला, कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी, गुरुवारची रात्र होती, ११ वाजून ९ मिनिटे. २९१ क्रमांकाच्या फाइलीत दोन नवे नियम गेले. त्यांतल्या एकात पहिल्यांदाच एकविसाव्या रकान्यात वाइल्डकार्ड नव्हते. तिथे जुळवून पाहायची ठरावीक अट होती.

पाठवण्याआधी तपासनीस प्रोग्रॅमने नियम पाहिले होते. साच्याच्या व्याख्येत २१ रकाने, नियमातही २१ रकाने, म्हणून ठीक. त्याने कागदाशी कागद ताडून पाहिला. सेन्सर प्रत्यक्षात किती किमती पुरवतो हे त्याने पाहिले नाही, आणि नियम खऱ्या सेन्सरवर चढवून चालवण्याची पायरी त्या प्रक्रियेत नव्हती.

फाइल टप्प्याटप्प्याने न जाता सगळीकडे एकदम गेली. बरेच ग्राहक सावध होते. नवी आवृत्ती लगेच घ्यायची नाही, एक आवृत्ती मागे राहायचे, अशी सोय क्राउडस्ट्राइकने दिली होती आणि त्यांनी ती वापरलीही होती. पण ती सोय सेन्सरच्या प्रोग्रॅमपुरती होती. नियमांच्या फाइली तिच्या कक्षेबाहेर होत्या. प्रोग्रॅमकडे संशयाने पाहणारी व्यवस्था डेटाला मात्र बिनदिक्कत आत घेत होती.

९:३९ नंतरचे क्षण

फाइल लोड झाली. पाइपवर कुठली तरी हालचाल झाल्याची सूचना विंडोजने सेन्सरला दिली. हे कुठल्याही चालू संगणकावर सतत घडत असते. नव्या नियमाने एकविसावी किंमत मागितली. नियम वाचणाऱ्या भागाकडे वीस किमतींची यादी होती. ‘यादी किती लांब आहे?’ ही एक तपासणी तिथे असती, तर नियम फेटाळला गेला असता आणि संगणक चालू राहिला असता. ती नव्हती. वीस खोल्यांच्या चाळीत एकविसाव्या खोलीचे दार ठोठावायला जावे आणि गॅलरी संपलेली असावी, तसे झाले. यादीपलीकडच्या, आपल्या नसलेल्या मेमरीत सेन्सरने हात घातला.

कर्नलमध्ये असे वाचन झाले की विंडोज सगळे थांबवते. स्क्रीन निळा होतो आणि संगणक रीस्टार्ट होतो. सेन्सर तर संगणक सुरू होतानाच लोड होतो. तो पुन्हा तीच फाइल वाचतो आणि पुन्हा कोसळतो. ७.११ किंवा त्यानंतरची आवृत्ती असलेला, त्या ७८ मिनिटांत इंटरनेटला जोडलेला कुठलाही विंडोज संगणक या चक्रात सापडू शकत होता. मॅक आणि लिनक्सवर परिणाम झाला नाही.

१०:५७

कंपनीने दुरुस्त फाइल पाठवली. यानंतर चालू झालेले संगणक वाचले. पण आधीच चक्रात अडकलेल्या संगणकांना ती मिळणार कशी? ते नेटवर्कपर्यंत पोहोचण्याआधीच कोसळत होते. काहींना पुन्हा पुन्हा रीस्टार्ट केल्यावर कोसळण्याच्या आत नवी फाइल उतरवून घेता आली. अझ्युरवरच्या व्हर्च्युअल संगणकांसाठी काही वेळा पंधरा वेळा रीस्टार्ट करावे लागेल, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले.

दुपार

ऑस्ट्रेलियात शुक्रवारची दुपार उलटत होती, तिथे फटका सर्वांत आधी दिसला. विमानतळ, सुपरमार्केटची बिलिंग काउंटर, वृत्तवाहिन्या अडखळल्या. लंडनमध्ये स्काय न्यूजचे सकाळचे थेट प्रक्षेपण बंद पडले.

भारतात मुंबई, दिल्ली, बंगळुरू, हैदराबादच्या विमानतळांवर चेक-इन ठप्प झाले. इंडिगो, अकासा, स्पाइसजेट यांनी काम हाताने करायला घेतले. काउंटरवरचे कर्मचारी बोर्डिंग पास पेनाने लिहून देऊ लागले. नाव, विमान क्रमांक, आसन, वेळ, सगळे हस्ताक्षरात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावर रांगा लांबत गेल्या. इंडिगोने त्या दिवशी सुमारे दोनशे उड्डाणे रद्द केली. देशातल्या दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आल्याचे रिझर्व्ह बँकेने सांगितले.

सव्वातीनच्या सुमारास

जॉर्ज कुर्त्झ यांनी जाहीर केले की हा सायबर हल्ला नाही, बिघाड सापडला आहे, दुरुस्ती पाठवली आहे. संगणक कोसळायला लागून साडेपाच तास झाले होते.

संध्याकाळ ते रात्र

अमेरिकेत पहाट होताच डेल्टा, युनायटेड, अमेरिकन यांनी उड्डाणे थांबवली होती. जगभरात त्या एका दिवसात पाच हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली. अमेरिकेच्या काही राज्यांत ९११ हा तातडीचा क्रमांक विस्कळीत झाला.

दवाखान्यांची गोष्ट यापेक्षा गंभीर होती. इंग्लंडमध्ये बहुसंख्य फॅमिली डॉक्टर ज्या संगणकप्रणालीवर रुग्णांचे कागद आणि अपॉइंटमेंट पाहतात, ती बंद पडली. जर्मनीत कील आणि ल्यूबेकच्या विद्यापीठ रुग्णालयाने नियोजित शस्त्रक्रिया रद्द केल्या. बॉस्टनच्या मास जनरल ब्रिगम रुग्णालय समूहाने तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. उपाशीपोटी शस्त्रक्रियेसाठी आलेला माणूस घरी परतला, यामागचे कारण होते कोडने न पुरवलेली एकविसावी किंमत.

२० जुलै : हाताने करायचे काम

भारतातल्या विमानतळांवरच्या यंत्रणा पहाटे तीनपासून पूर्ववत होऊ लागल्याचे नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांनी सांगितले. पण जगभरातल्या आयटी विभागांचे काम आता कुठे सुरू होत होते.

एकेका संगणकापुढे बसायचे. तो सेफ मोडमध्ये किंवा रिकव्हरीमध्ये सुरू करायचा. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ४८ अंकी चावी मागितली जाते. त्या संगणकाची चावी शोधायची आणि एकही अंक न चुकता टाइप करायची. काही ठिकाणी या चाव्या ज्या सर्व्हरवर साठवल्या होत्या तो सर्व्हरच निळ्या स्क्रीनवर अडकलेला होता. कुलूप उघडले की विंडोजच्या फोल्डरातून सिस्टिम ३२, तिथून ड्रायव्हर्स, तिथून क्राउडस्ट्राइक. तिथे नावात सी-०००००२९१ असलेली फाइल शोधायची. वेळेचा शिक्का पाहायचा. जागतिक वेळेनुसार ०४०९ असेल तर ती बिघडलेली, ०५२७ किंवा नंतरचा असेल तर चांगली. बिघडलेली फाइल डिलीट करायची, संगणक सुरू करायचा आणि पुढच्या टेबलाकडे जायचे. विमानतळावरचे माहितीफलक आणि दूरच्या शाखांमधले सर्व्हर यांच्यापाशी माणूस प्रत्यक्ष पोहोचावा लागला.

डेल्टाला सावरायला पाच दिवस लागले. तोवर सुमारे सात हजार उड्डाणे रद्द झाली होती. कर्मचाऱ्यांच्या ड्युट्या लावणारी त्यांची प्रणाली मागे पडलेले काम वेळेत भरून काढू शकली नाही.

२५ ते २९ जुलै

२५ जुलैला नियम वाचणाऱ्या भागात यादीच्या लांबीची तपासणी बसवली गेली. २७ जुलैला साच्यातले रकाने आणि पुरवलेल्या किमती यांची संख्या कंपाइल करतानाच ताडून पाहण्याची सोय झाली. २९ तारखेपर्यंत सुमारे ९९ टक्के विंडोज सेन्सर पुन्हा जोडले गेले. दरम्यान पॅरामेट्रिक्स या विमा-विश्लेषण कंपनीने, मायक्रोसॉफ्ट वगळता, अमेरिकेतल्या ५०० बड्या कंपन्यांचे थेट नुकसान ५.४ अब्ज डॉलर असेल असा अंदाज बांधला होता.

६ ऑगस्ट

क्राउडस्ट्राइकने मूळ कारणांचा अहवाल जाहीर केला. त्यात सहा त्रुटी मान्य केल्या. रकान्यांची संख्या कंपाइल करताना तपासली नव्हती. वाचताना यादीची हद्द पाहिली नव्हती. चाचण्यांत पुरेशा वेगवेगळ्या अटी नव्हत्या. तपासनीस प्रोग्रॅमच्या तर्कात चूक होती. नियम खऱ्या वाचकावर चालवून पाहिला नव्हता. आणि फाइल टप्प्याटप्प्याने पाठवली नव्हती.

या सहांपैकी एकही गोष्ट अवघड नाही. सॉफ्टवेअरच्या पहिल्या नोकरीतला मुलगाही यादीची हद्द तपासणारी ओळ लिहू शकतो. सहा कुंपणे होती आणि प्रत्येकाने पुढचे कुंपण भक्कम असेल असे धरले. त्यांतले एक जरी उभे असते तरी ही आपत्ती टळली असती किंवा काही मोजक्या संगणकांवर थांबली असती. हे वाचताना चीड येते, आणि यायलाच हवी.

२४ सप्टेंबर

कंपनीचे वरिष्ठ उपाध्यक्ष अॅडम मायर्स अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे उभे राहिले आणि त्यांनी माफी मागितली. नियमांच्या फाइली आता आधी कंपनीच्या आत, मग काही ग्राहकांकडे, मग सर्वांकडे अशा टप्प्यांनी जातील आणि कधी घ्यायच्या हे ग्राहकालाही ठरवता येईल, असे त्यांनी सांगितले.

हे बदल त्या कंपनीने केले. पण डेटा लोड करणारा कोड पुण्याच्या हिंजवडीत लिहिला जातो, नवी मुंबईच्या ऐरोलीत लिहिला जातो, आणि ‘ही तर नुसती कॉन्फिगची फाइल आहे, हिला कशाला टेस्टिंग’ हे वाक्य तिथेही ऐकू येते. जी फाइल प्रोग्रॅमचे वागणे बदलते तिला कोडइतकीच कडक तपासणी लागते. तिच्यासाठी टेस्ट लिहिताना फोल्डरमध्ये मुद्दाम वाईट फाइली ठेवायला हव्यात. एक रिकामी, एक अर्धवट, एक रकाना जास्त असलेली, एक कमी असलेली, एक भलत्याच कामाची. ‘काहीही चालेल’ असे लिहिलेल्या प्रत्येक जागी एकदा तरी खरी अट घालून पाहायला हवी. लोडरने वाईट फाइल नाकारावी, तिचे नाव लॉगमध्ये ठळक लिहावे आणि शेवटच्या चांगल्या फाइलीवर काम चालू ठेवावे. या तिन्ही गोष्टी घडतात हे टेस्टने दाखवून द्यावे.

आणि हा विषय फक्त कोड लिहिणाऱ्यांचा नाही. रुग्णालय, बँक, विमानतळ, महापालिका, जो कोणी असे सॉफ्टवेअर विकत घेतो त्याने करार करताना विक्रेत्याला सरळ विचारावे : तुमच्याकडून चुकीची डेटा फाइल आली तर आमचा संगणक काय करेल, आणि ते तुम्ही तपासलेले आम्हाला कुठे दाखवाल? उत्तर लेखी घ्यावे. ते मिळत नसेल तर त्या सॉफ्टवेअरला आपल्या संगणकाच्या गाभ्यात जागा देऊ नये.